कार्डावर ‘नॉर्मल’, मग दुसऱ्या वेळी काय सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपल्याकडची रीत. तिच्यात काय हरवतं ते मला गेल्या महिन्यात कळलं.

माझी लेक पाच वर्षांची आहे. ‘दुसरा चान्स कधी?’ असं सगळेच विचारतात. दिवस राहण्याआधीच एकदा बोलून घ्यावं म्हणून आम्ही दोघं इथल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. पहिल्या वेळी नेमकं काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मी माहेरच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर एवढंच: नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, २.८ किलो.

एकोणीस तास कळा, शेवटी पोटावर दोन्ही हातांनी दिलेला दाब, बाळ झाल्यावर न थांबणारा रक्तस्राव, चढवलेल्या दोन पिशव्या रक्त, यातलं एक अक्षरही त्यात नाही. ‘ओरडायचं नाही, तू काय एकटीच बाळंत होतेस?’ हे तर कुठल्याच कागदावर येत नाही. आई दाराबाहेर उभी होती, तिला आत सोडलं नाही. पुढे वर्षभर मला त्या रस्त्यानं जाववत नव्हतं. घरच्यांचं म्हणणं एकच, बाळ ठणठणीत आहे ना?

एकदा असा रक्तस्राव झाला की पुढच्या वेळीही त्याचा धोका जास्त असतो. म्हणून हिमोग्लोबिन आधीच वाढवायचं आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालयच निवडायचं. पण हे ठरवायला आधीची माहिती तर हवी! मी जुने कागद मागायला गेले, तर ते आता ठेवलेले नाहीत म्हणाले. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, पण त्या जपायचं बंधन तीनच वर्षांचं. दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर ठेवणाऱ्या बाईनं काय करायचं?

माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. घरी सोडताना प्रत्येक बाळंतिणीच्या हातात एक पान द्या: कळा किती तास होत्या, रक्त किती गेलं, काय उपाय केले, टाके कसे पडले. सिझेरियन झालं असेल तर का झालं आणि गर्भाशयावरचा छेद कसा आहे तेही लिहा, कारण पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकेल का, हे त्यावर ठरतं.

आणि सोबतीचंही बघा. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक बाई जवळ असू द्यावी, असं केंद्रानं २०१६ मध्येच सांगितलंय. बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर दाब देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये म्हटलंय. हे लेबर रूमच्या दारावर मराठीत लावायला हवं.

आई आणि मी बसून पहिल्या बाळंतपणाचं सगळं आठवून दोन पानांवर लिहून काढलं. डॉक्टरबाईंनी ती पानं माझ्या नव्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावली. या वेळी बाळंतपण सासरी असलं तरी आत माझ्याजवळ आईच थांबणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा जिल्हा