दरपत्रक किलोवर नको, किलोकॅलरीवर काढा

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्यामुळे यवतमाळ, वर्ध्याकडच्या लहान नगरपंचायतींपुढेही निवाऱ्याचा प्रश्न आला आहे. शेड, जाळी, पाण्याची टाकी यांचा हिशेब नीट होतो. खाण्याच्या रकान्यात मात्र 'श्वानखाद्य, प्रतिकिलो दर' एवढंच लिहिलं जाईल, अशी आम्हाला धास्ती आहे.

किलोचा दर फसवा असतो. तयार कोरड्या खाद्याच्या किलोत साधारण ३,२०० ते ३,८०० किलोकॅलरी असतात, तर शिजलेल्या भाताच्या किलोत जेमतेम १,३००; बाकी पाणीच. १५ किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी लागतात. वीस कुत्र्यांना १७,०००, म्हणजे जवळपास पाच किलो कोरडं खाद्य. दर मागवायचा तो या १७,००० किलोकॅलरींचा.

तेवढंच बळ एका गंजात रांधता येतं: अडीच किलो तांदळाची कणी, तीन किलो कोंबडीचं बिनहाडाचं मांस व कातडी (त्यात कलेजी ३०० ग्रॅमच्या वर नको), बारा अंडी, दीड किलो लाल कोहळं आणि २०० मिली तेल. आधी मांस उकळायचं, त्याच पाण्यात कणी आणि कोहळं अगदी मऊ होईस्तोवर शिजवायचं, तेल उतरवल्यावर घालायचं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, म्हणून त्याच बारा अंड्यांची टरफलं उकळून, वाळवून, पिठासारखी दळून ५० ग्रॅम मिसळायची. हे चुकलं की पिल्लांचे पाय वाकतात. शिवाय जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व या गंजात कमी पडतं. कुत्र्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण खरेदीच्या यादीत हवंच. कणी गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलांतून थेट घेता येईल. ज्वारी स्वस्त असेल तेव्हा तिच्या कण्या चालतात, फक्त जास्त शिजवाव्या लागतात.

स्वस्ताईच्या नादात जे गळ्यात पडतं, त्याची धास्ती जास्त. सरकीची ढेप जनावरांना चालते, म्हणून कुत्र्यांनाही घालायचा मोह होतो. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कुत्र्यांच्या हृदयाला घातक आहे. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप यांतलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उकळूनही जात नाही, आणि कुत्र्याचं यकृत ते अजिबात सोसत नाही. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न लोक आपुलकीने आणून देतात. पण सावजी रस्सा माणसाच्याच पोटाची परीक्षा घेतो. कुत्र्याच्या बाबतीत त्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि तर्रीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजलेली हाडं चिरफाळून आतड्यात अडकतात. दूध-बिस्किटांवर तर निवारा चालूच नये: पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि बिस्किट म्हणजे मैदा नि साखर.

खाद्य सोसतं की नाही, हे पोतं पाहून कळत नाही. पुरवठादार ठरवण्याआधी चार-पाच निरोगी कुत्र्यांना दहा दिवस तेच खाद्य द्यावं. पहिल्या आठवड्यात जुन्यात थोडं थोडं मिसळून, पुढे निव्वळ. शी बांधीव आहे का, ढीग वाढला का आणि वजन टिकलं का, एवढं लिहून ठेवलं तरी पुरतं. ढीग वाढला तर खाद्यात कोंडा जास्त आहे असं समजावं. मात्र जुलाब लागले की लगेच खाद्याला दोष देऊ नये. पुष्कळदा पोटात जंत असतात. म्हणून निवाऱ्यात आलेल्या प्रत्येक कुत्र्याची शी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून मिळावी, अशी आमची मागणी आहे. हाडं दिसणाऱ्या उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर घालणं जिवावर बेतू शकतं. त्याला थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्यावं.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळचा गंज दुपारपर्यंत आंबतो. म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सात, अशा दोन वेळा रांधायला माणूस आणि गॅस यांची तरतूद अनुदानात धरावी. जिथे ती शक्य नाही तिथे कोरडं खाद्यच द्यावं, पण अटी घालून: ओलावा १० टक्क्यांच्या आत, पोत्यावर उत्पादनाची तारीख आणि दर किलोतल्या किलोकॅलरी छापलेल्या, पावसाळ्यात पोती फळीवर आणि भिंतीपासून दूर. यातली एकही अट मोडली तर पोतं परत पाठवण्याचा अधिकार निवाऱ्याच्या पशुवैद्यकाला द्यावा.

आपले,
यवतमाळ, वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांत कुत्र्यांच्या निवाऱ्यांत काम करणारे