फलकावरील नाव

पिट्सबर्ग, रविवार

चि. हृषीकेश यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज सांगितलेस की वसतिगृहात आता सगळे तुला 'रिक' म्हणतात आणि तूही ते चालवून घेतोस, कारण ज्याला त्याला 'हृ' शिकवत बसायला वेळ कुणाला आहे. तेव्हा मी काही बोललो नाही. (तुझी आई म्हणाली, ह्यांनी कोणत्या तोंडाने बोलावे, ऑफिसात ह्यांचाच वीस वर्षे 'सॅम' झाला आहे.)

तू दहा वर्षांचा असताना आपण कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या संग्रहालयात, गेलो होतो, ते तुला आठवत असेल. कांस्यफलकांच्या त्या दालनात बेब रूथसारख्या दिग्गजाला ओलांडून तू थेट आपल्या पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाच्या रोबेर्तो क्लेमेंतेपुढे उभा राहिलास, कारण अंगात त्याचाच २१ क्रमांकाचा सदरा होता. टाचा उंचावून तू नाव वाचलेस आणि विचारलेस, यात 'वॉकर' शेवटी का? ते त्याच्या आईचे आडनाव आणि पोर्तो रिकोत ते वडिलांच्या आडनावानंतर लावतात, एवढेच मी तेव्हा सांगितले. पण १९७३ मध्ये लागलेल्या मूळ फलकावर 'वॉकर' आधी आणि 'क्लेमेंते' नंतर होते. ज्या संस्थेने त्याच्यासाठी, खेळणे थांबल्यावर पाच वर्षांनीच निवड करण्याचा आपला नियम बाजूला ठेवला, तिने नावाचा क्रम सुधारून नवा फलक बसवला तो २००० साली.

हयातीतही वेगळे नव्हते. वर्तमानपत्रे आणि खेळाडूंची कार्डे त्याला 'बॉब' म्हणत आणि तो मात्र आपले नाव रोबेर्तो असल्याचे सांगत राही. १९७१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकल्यावर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे, इंग्रजीत उत्तर देण्याआधी त्याने स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. मी अजून आजीचा फोन आला की केबिनचे दार लावून घेतो.

त्याचे बरोबर ३००० हिट्स (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठण्याचे फटके) लोक कौतुकाने सांगतात, आणि ते कौतुक योग्यच आहे. पण डिसेंबर १९७२ मध्ये, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांना पाठवलेली मदत मधल्या मध्ये लाटली जात असल्याचे कळले, तेव्हा आपण स्वतः गेलो तर कुणाची हिंमत होणार नाही, असे मानून तो ३१ तारखेला खच्चून भरलेल्या विमानात बसला. सॅन हुआनहून उडताच विमान समुद्रात कोसळले. वय ३८. आपल्या नावाला वजन आहे हे त्याला ठाऊक होते आणि ते त्याने कुठे खर्च केले, हे मला त्या आकड्याहून मोठे वाटते.

तुला काय म्हणवून घ्यायचे ते तूच ठरव. सोबत तुझ्या खणातले 'बॉब क्लेमेंते' छापलेले जुने कार्ड पाठवत आहे. उद्या ऑफिसात दारावरची पाटी बदलायला सांगणार आहे. 'सदानंद' त्यात मावते का, ते पाहायचे.

तुझे,
बाबा