निधनवार्तेत माहेरचे नावही छापावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील निधनवार्ता मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते. वयाच्या 78 व्या वर्षी ही सवय लागतेच, आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून 1968 साली बी.एस्सी. झालेल्या आमच्या वर्गाला तर एकमेकांची खबर राहावी म्हणून ती आवश्यकही झाली आहे. गेल्या मार्चमध्ये अशीच एक वार्ता मी वाचली, छायाचित्र पाहिले आणि पान उलटले. प्रयोगशाळेत चार वर्षे माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण ती हीच, हे मला ऑगस्टमध्ये समजले. तिच्या मुलाला कपाट आवरताना वर्गाचा जुना फोटो मिळाला आणि त्याखाली छापलेल्या नावांवरून त्याने आमच्या एका वर्गमित्राला गाठले. तो सापडला, कारण त्याचे 1968 सालचे नाव आजही तेच आहे.

त्या वार्तेत तिचे सासरचे नाव होते, पती कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते होते, पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार असल्याचे होते. ती कोण, हे मला ओळखता येईल असे मात्र त्यात काहीच नव्हते. आणि ती राहत होती पुण्यातच, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

आमच्या पिढीतील मुलींचे लग्नात केवळ आडनाव बदलत नसे. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येई आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाई. माझेही तसेच बदलले. त्यातून त्या काळी वर्गातली मुले आम्हांला हजेरीत पुकारल्या जाणाऱ्या आडनावानेच ओळखत; मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्याची फारशी रीत नव्हती. (कोयनेचा भूकंप झाला त्या 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेनंतर मात्र आठवडाभर सगळे सगळ्यांशी बोलत होते.) ज्या एका आडनावाने आम्ही ओळखल्या जात होतो, तेच गेल्यावर शोधणाऱ्याने शोधायचे तरी कशावरून?

पदवीला 50 वर्षे झाली तेव्हा, म्हणजे 2018 साली, वर्गमित्रांनी स्नेहमेळाव्यासाठी यादी केली. मुलांपैकी जवळजवळ प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला. जे हयात नव्हते त्यांच्या निधनाचे सालही यादीत आले. आम्हां 14 मुलींपैकी पाचच सापडल्या, आणि त्याही एकमेकींच्या माहेरच्या ओळखीतून. पुढच्याच वर्षी महाविद्यालयाची शताब्दी झाली, तेव्हा आणखी एक मिळाली. तेव्हापासून कोणाचा अमृतमहोत्सव, कोणाच्या लग्नाची पन्नाशी, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन, कोणाच्या नातवाची परदेशातली मुंज, हे सारे फोनवरून एकमेकांना कळते. उरलेल्या आठ जणींविषयी आनंदाची वा दुःखाची कसलीच वार्ता येत नाही. त्यांतल्या एकीची आली, ती अशी.

म्हणून विनंती अशी की, विवाहित स्त्रीच्या निधनवार्तेत तिचे माहेरचे पूर्ण नाव आणि गाव देण्याची प्रथा आपल्या दैनिकाने सुरू करावी. काही कुटुंबे ‘पूर्वाश्रमीच्या’ असे लिहून ते देतातही, पण छोट्या जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडत असल्याने काटछाट करताना पहिली कात्री तिथेच लागते. आपल्या मजकुराच्या अर्जात तेवढा एक रकाना ठेवून त्या शब्दांचे पैसे आकारले नाहीत, तर घरचे लोक तो भरतील असे मला वाटते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तो योग्यच आहे. परंतु विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची पद्धत त्यात तशीच ठेवली आहे, आणि आमच्या वयाच्या बायकांना तर त्या निर्णयाचा काहीच उपयोग नाही.

माझ्या मुलाने यावर एक आक्षेप घेतला: आईचे माहेरचे आडनाव बँका ओळख पटवण्यासाठी विचारतात, ते छापल्यास फसवणुकीची भीती. त्याची काळजी रास्त आहे, आणि ज्यांना धोका वाटतो त्यांनी रकाना कोरा ठेवावा. पण बँकेला ते आडनाव गुपित म्हणून चालते, ते चारचौघांत कोणी उच्चारतच नाही म्हणूनच ना?

त्या मैत्रिणीच्या घरी मी सप्टेंबरमध्ये जाऊन आले. तिच्या सुनेला सासूबाईंचे माहेरचे आडनाव ठाऊक होते. पहिले नाव मी सांगितले.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे
(सासरचे व माहेरचे, अशी दोन्ही नावे पत्रासोबत वेगळी कळविली आहेत.)