दिवाळीच्या आधी ठरवू या

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांच्या भगंदराचा, गुदद्वाराजवळच्या त्या वाहत्या दुखण्याचा विषय निघाला की बाबा नागपूरच्या पावसाची चौकशी करतात आणि आई फोन स्वतःकडे घेते, म्हणून शेवटी लिहायला बसले. मुलीशी या जागेच्या दुखण्याबद्दल बोलायची आपल्या घरात रीत नाही, हे मला कळतं. पण बाबा, सुश्रुतांनी ज्या आठ रोगांना 'महागद' म्हणून बरे व्हायला अवघड ठरवलं, त्यांत भगंदर आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईवर १६८६ साली याचंच ऑपरेशन झालं. इतक्या जुन्या आणि इतक्या जणांना होणाऱ्या दुखण्याची लाज तुम्ही का बाळगावी?

आईने पाठवलेला एमआरआयचा रिपोर्ट मी इथल्या ओळखीच्या सर्जनबाईंकडून ओळ न ओळ समजून घेतला. गुदद्वाराला आवळून धरणारे दोन स्नायू असतात, एकाभोवती एक. आतला आपोआप, झोपेतही आवळलेला राहतो. बाहेरचा आपण गरज पडेल तेव्हा आवळतो. आतल्या बाजूला बारीक ग्रंथी असतात. त्यातली एक तुंबली, पू झाला आणि त्याने बाहेरच्या कातडीपर्यंत वाट काढली. जुलैत गळू फोडलं ते हेच. कातडीवरचं तोंड मिटतं, पण आतलं उघडंच असतं. म्हणून पू साठतो, ठणका लागतो, अंग कसकसतं, मग एक दिवस फुटून वाहतं आणि हलकं वाटतं. 'आता बरं आहे गं' असं तुम्ही सांगता ते या वाहून गेल्यानंतरच्या दिवसांत. अँटिबायोटिकने ताप उतरतो, ती वाट बुजत नाही. मोठ्या माणसाचा भगंदर आपोआप कायमचा मिटणं क्वचितच घडतं.

तेव्हा 'चाललंय तसं चालू दे' यातही धोका आहे, आणि तुमच्या बाबतीत जास्त, कारण तुम्हाला मधुमेह आहे. पुन्हा गळू होईल, वाटेला फाटे फुटतील, मग आज सरळ असलेलं ऑपरेशन अवघड होईल. साखर वाढलेल्या माणसात तिथला जंतुसंसर्ग झपाट्याने पसरू शकतो. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या भगंदरात कॅन्सर होणं फार दुर्मीळ आहे, पण होतो. आणि तुमचं तळजाईच्या टेकडीवर जाणं बंद झालंय, उशी घेतल्याशिवाय जेवायला बसवत नाही, हे आई सांगते. हेही मी तोट्यातच धरते.

आता तुमची खरी भीती. वरच्या मजल्यावरच्या काकांना ऑपरेशननंतर कपडे खराब व्हायचा त्रास राहिला, ते तुमच्या मनात घर करून बसलंय. ती भीती अगदी रास्त आहे, कुणी 'काही होत नाही हो' म्हणून ती उडवून लावू नये. भगंदराची वाट उघडी करून टाकली की तिच्या खालचा स्नायूही चिरला जातो. चिरलेला भाग थोडा असेल तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. जास्त असेल तर आधी वात सरण्यावरचा ताबा जातो, मग पातळ शौचावरचा. घट्ट शौचावरचा ताबा जाणं त्याहून कमी आढळतं. वयाने स्नायू मुळात सैल झालेला असतो, त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला जे खपून जातं ते तुम्हाला जाईलच असं नाही.

तुमची वाट दोन्ही स्नायूंतून जाते आणि बाहेरच्या स्नायूचा साधारण खालचा तिसरा हिस्सा तिच्याखाली येतो. फाटे नाहीत, ही चांगली गोष्ट. पण तिसरा हिस्सा म्हणजे नेमका सीमेवरचा. याहून कमी असता तर मी म्हटलं असतं, डोळे मिटून उघडी करून घ्या, कारण खालच्या, साध्या भगंदरात या ऑपरेशनने शंभरातले नव्वदहून जास्त लोक बरे होतात. जास्त असता तर म्हटलं असतं, अजिबात नको.

लेझरवाल्यांनी तुम्हाला 'दुसऱ्या दिवशी कामावर' असं सांगितलं. लेझरमध्ये स्नायू चिरत नाहीत, दुखतं कमी, हे खरं. पण त्याने दहातले साधारण सहा-सात जण बरे होतात, बाकीच्यांचं पुन्हा वाहू लागतं. हे त्यांनी सांगितलं का? सर्जनबाईंना आणि मला त्याहून 'लिफ्ट' नावाची पद्धत पटण्यासारखी वाटली. थायलंडच्या एका सर्जनने २००७ साली ती मांडली. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जाऊन ती वाट तिथेच बांधतात आणि कापतात, स्नायूला हात लागत नाही. तीही सगळ्यांना लागू पडत नाही, पण फसली तरी पुष्कळदा उरतो तो आधीपेक्षा खालचा, सोपा भगंदर.

आणि क्षारसूत्र, म्हणजे भगंदराच्या वाटेत ओवायचा आयुर्वेदातला औषधी दोरा. बाबा, तुमचा ओढा तिकडे आहे आणि रास्ता पेठेतलं ताराचंद आयुर्वेदिक हॉस्पिटल तुमच्या माहितीचं आहे. मी त्याला नाही म्हणत नाही. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची दोऱ्यावर एकवीस पुटं चढवतात, आणि तो दोरा आठवड्याला बदलतात. त्याची नीट चाचणीही झाली आहे: भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ च्या अभ्यासात क्षारसूत्राने जखम भरायला ऑपरेशनच्या साधारण दुप्पट, आठ आठवडे लागले, पण वर्षभरात भगंदर परत येण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, ऑपरेशननंतर ११ टक्के. फक्त एक गैरसमज मनातून काढा. हा दोरा स्नायू कापत नाही असं नाही, तो हळूहळू कापतो आणि मागून जखम भरत येते. तुमच्यासारख्या सीमेवरच्या वाटेत स्नायूचा प्रश्न तिथेही विचारावाच लागेल. दोरा बदलायच्या दिवशी दुखतं, तेही धरून चाला.

मग माझं मत काय? लेझर, दोरा की चाकू, यावर आत्ता वाद घालू नये. भूल दिल्यावर डॉक्टर आत बोट आणि सळई घालून तपासतात, तेव्हा किती स्नायू आत आहे ते एमआरआयशी ताडून बघता येतं. तुम्ही सही कराल ती या बोलीवर: आत स्नायू थोडा निघाला तर वाट उघडी करा, रिपोर्टाइतका किंवा जास्त निघाला तर काही कापू नका, नुसता सैल दोरा ओवून थांबा. हा सैल दोरा क्षारसूत्रासारखा कापत नाही, पू बाहेर येत राहील एवढंच बघतो. पुन्हा गळू सहसा होत नाही, ठणका जातो, काही महिनेही तो राहू शकतो, आणि मग निवांतपणे लिफ्ट करायचं का ते ठरवता येतं. लोक याला अर्धवट ऑपरेशन म्हणतील, म्हणू देत. थोडं वाहत राहिलेलं मला चालेल, तुमचा ताबा गेलेला चालणार नाही. जे सर्जन ही बोली ऐकून चिडतील त्यांच्याकडे आपण जायचं नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायच्या. एक, आत्ताही कधी वात अडवता येत नाही असं होतं का, ते डॉक्टरांना खरं सांगा. आईसमोर नको वाटलं तर तिला बाहेर बसवा, ती रागावणार नाही. दुसरी, काढलेला तुकडा तपासायला पाठवून त्यात क्षयाचीही तपासणी करायला सांगायची. आपल्याकडे क्षयामुळेही भगंदर होतो, आणि तसं असेल तर क्षयाच्या औषधांशिवाय तो भरणार नाही.

साखर आधी खाली यायला हवी. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ आहे, एवढ्यावर जखम नीट भरत नाही. गौरींच्या पुरणपोळ्यांचं जे झालं ते झालं. आता दिवाळीचा फराळ घरात कमीच कर, आई.

बाबा, गणपती होऊ दे, नवरात्र होऊ दे, दिवाळी होऊ दे, आणि मग सवाई गंधर्व महोत्सव, हे मला पाठ झालंय. मुकुंदनगरला चार-पाच तास बसून गाणं ऐकायचं तर या जागेचं काहीतरी व्हायलाच हवं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं आणि नुसता दोरा असला, तर तुम्ही डिसेंबरात तिथे असाल. वाट उघडी केली तर तुमची साखर बघता जखम आतून भरत यायला दीड-दोन महिनेही लागू शकतात, मग या वर्षीचं सवाई हुकेल. ते वाईट वाटेल, मला माहीत आहे.

आई, ड्रेसिंग तू एकटीने करायचं नाही, तुझे गुडघे वाकत नाहीत. मी पहिले पंधरा दिवस रजा टाकते, पुढे दुपारी येणारा माणूस ठेवू. कमोड आहेच. कोमट पाण्यात बसायला कमोडवर ठेवायचं टब मेडिकलमध्ये मिळतं. रात्री इसबगोल सुरू कर, खडा होऊ द्यायचा नाही. पाठीत इंजेक्शन देऊन भूल देतात, त्यानंतर प्रोस्टेटमुळे बाबांची लघवी अडू शकते. नळी घातली तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत काढतात. मेडिक्लेममध्ये भगंदराला बहुधा दोन वर्षांची वाट पाहावी लागते, पण आपली पॉलिसी त्याहून जुनी आहे. तरी एजंटकडून लेखी घ्या.

मी शुक्रवारी रात्री निघते. शनिवारी सकाळी डॉक्टरांची वेळ आईने घ्यावी. एमआरआयची सीडी, जुलैचं डिस्चार्ज कार्ड आणि रक्त पातळ करायच्या गोळीची चिठ्ठी एका पिशवीत काढून ठेवा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका.

तुमची,
मनू