दोन रात्रींच्या मुक्कामाचे पैसे आणि चार तासांचे बेट: सहल कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: अंदमान सहलीत शहीद द्वीपावरील ठरलेला दोन रात्रींचा मुक्काम न देणे, तो रद्द झाल्याची माहिती दडवून ठेवणे आणि रक्कम परत करण्यास नकार देणे याबाबत.

महोदय,

गेल्या डिसेंबर महिन्यात आपल्या कंपनीने नेलेल्या अंदमानच्या सहलीत आमचे कुटुंब सहभागी झाले होते. माझे सासू-सासरे, नणंद आणि तिची दोन मुले आमच्यासोबत होती. परत आल्यानंतर मी आपल्या दादर येथील कार्यालयात प्रत्यक्ष येऊन तक्रार सांगितली आणि नंतर दूरध्वनीवरूनही पाठपुरावा केला. प्रत्येक वेळी मला पुढील सहलीवर सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले, पण मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र लेखी देत आहे आणि त्याची पोच मिळावी अशी विनंती करीत आहे.

सहलीचा सर्वच भाग वाईट झाला असे माझे म्हणणे नाही. सेल्युलर कारागृहाची भेट व्यवस्थित झाली. सावरकरांची कोठडी पाहण्याची माझ्या सासऱ्यांची अनेक वर्षांची इच्छा होती आणि तेथे त्यांना पुरेसा वेळ मिळाला, याबद्दल आपल्या टूर मॅनेजरचे आम्ही त्याच दिवशी आभार मानले होते. माझी तक्रार शहीद द्वीपाबद्दल, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाबद्दल आहे. आपल्याकडे नोंदणी करण्याचे आमचे मुख्य कारण तेच होते. इतर कंपन्या हे बेट दिवसभराच्या धावत्या भेटीत उरकतात, तर आपल्या माहितीपत्रकात तेथे 'दोन रात्रींचा निवांत मुक्काम, स्थानिक कुटुंबाच्या होमस्टेमध्ये, घरगुती जेवणासह' असे स्पष्ट छापलेले होते. आपली सहल महाग असूनही आम्ही ती निवडली ती या एका वाक्यासाठी.

प्रत्यक्षात आम्हाला सकाळच्या बोटीने बेटावर नेण्यात आले आणि दुपारच्या बोटीने परत आणण्यात आले. जेट्टीवर उतरल्यापासून पुन्हा जेट्टीवर येईपर्यंत आमच्या हाती जेमतेम चार तास आले. त्या दोन्ही रात्री आम्ही काढल्या त्या श्रीविजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअर शहरातील एका हॉटेलात, जिथे खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मुक्काम होणार नाही हे आम्हाला बोट सुटण्याच्या आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर सांगण्यात आले आणि कारण म्हणून 'परतीच्या बोटीची तिकिटे मिळाली नाहीत' असे सांगितले गेले.

हे कारण खरे नव्हते, आणि या पत्रातील सर्वात गंभीर मुद्दा हाच आहे. आमच्या हातात दिलेल्या बोटीच्या तिकिटांवर ती काढल्याची तारीख छापलेली आहे. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही तिकिटे एकाच वेळी आणि एकाच दिवसाच्या प्रवासाची काढलेली आहेत, आणि ती तारीख आपण आमच्याकडून शेवटचा हप्ता घेतला त्याच्या बरीच आधीची आहे. याचा अर्थ बेटावर मुक्काम होणार नाही हे आपल्या कार्यालयाला ठाऊक होते, तरीही मुक्कामाचा समावेश असलेल्या सहलीची पूर्ण रक्कम आपण स्वीकारली आणि शेवटच्या हप्त्याच्या पावतीवरही 'शहीद द्वीप, दोन रात्री' असेच लिहून दिले. समुद्र खवळल्यामुळे किंवा प्रशासनाच्या आदेशाने बोटी बंद झाल्या असत्या, तर बेटावरचा प्रवास म्हटला की असे व्हायचेच, हे समजून आम्ही गप्प बसलो असतो. परंतु त्या दिवशी आणि त्यानंतरच्या दोन्ही दिवशी बोटी नियमित सुरू होत्या.

आपल्या कार्यालयातील अधिकाऱ्यांनी मला दूरध्वनीवर असे ऐकवले की, 'मॅडम, बेट एवढेसे आहे, चार तासांत सगळे पाहून होते.' या विधानाला मी सविस्तर उत्तर देऊ इच्छिते, कारण ते केवळ आमच्या सहलीपुरते नाही. तीच समजूत धरून आपण पुढील गटांचेही कार्यक्रम आखत आहात.

शहीद द्वीपाचे क्षेत्रफळ सुमारे 14 चौरस किलोमीटर आहे, हे खरे. रिक्षाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला फारसा वेळ लागत नाही, हेही खरे. परंतु तेथे जे पाहायचे ते समुद्राच्या वेळेप्रमाणे पाहावे लागते. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावरील नैसर्गिक खडकाची कमान, जिचे छायाचित्र आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे, तिथपर्यंत खडकांतून चालत जावे लागते आणि ती वाट ओहोटीलाच उघडी पडते. खडकांमधल्या डबक्यांत अडकलेले रंगीत मासे, समुद्रकाकड्या आणि जिवंत प्रवाळ दिसतात तेही पाणी ओसरल्यावर. आम्हाला तेथे नेले ते ऐन भरतीच्या वेळी. वाट पाण्याखाली होती, लाटा खडकांवर आपटत होत्या आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना शेवाळलेल्या दगडांवरून पुढे जाण्यास आपला प्रतिनिधी आग्रह करीत होता. माझ्या सासूबाईंचा पाय घसरला. शेजारी उभ्या असलेल्या एका स्थानिक वाटाड्या मुलाने त्यांना वेळीच सावरले आणि त्यानेच आम्हा सर्वांना मागे फिरवले. कमान आम्ही पाहिलीच नाही.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक ही काही गुप्त गोष्ट नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग देशातील प्रमुख बंदरांची भरतीची कोष्टके दरवर्षी आगाऊ प्रसिद्ध करतो. मुंबईच्या माणसाला तर हे सांगावे लागू नये, कारण पावसाळ्यात येथे मोठ्या भरतीची वेळ आणि लाटांची उंची वर्तमानपत्रांत छापून येते, आणि आमच्या कोकणात अजूनही तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसे आहेत. ते गणित कोकण किनाऱ्याचे, अंदमानला ते जसेच्या तसे लागणार नाही, पण वेळ आधी काढता येते एवढे तरी त्यावरून कळते. भरती दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि चोवीस तासांत ओहोटी सामान्यतः दोनदा येते. जो माणूस बेटावर दोन रात्री राहतो, त्याला उजेडातली ओहोटी मिळतेच. ज्याला चार तास मिळतात, त्याचे सगळे नशिबावर. बेट लहान आहे म्हणून मुक्काम अनावश्यक ठरत नाही, उलट अशा बेटाचे जे काही आहे ते मुक्काम केल्याशिवाय हाती लागत नाही, आणि आपण आम्हाला विकला होता तो मुक्कामच.

आपल्या छापील कार्यक्रमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावरून तो कोणी आणि कुठे बसून लिहिला असावा असा प्रश्न पडतो. त्यात 'सायंकाळी 6 वाजता लक्ष्मणपूर येथे सूर्यास्त दर्शन' असे लिहिले आहे. अंदमान मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरमध्ये तेथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. सहा वाजता तेथे काळोख असतो. म्हणजे मुक्काम झाला असता तरी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे आम्हाला सूर्यास्त दिसला नसता. सीतापूरच्या किनाऱ्यावरचा सूर्योदय, जो पाहायला पहाटे उठून जावे लागते आणि ज्यासाठी माझी नणंद मुलांना कितीतरी दिवस आधीपासून सांगत होती, तो तर मुक्कामाबरोबरच गेला.

आता त्या बेटावरील माणसांबद्दल लिहिते. हे माझ्या नुकसानभरपाईशी थेट संबंधित नाही, तरीही ते लिहिल्याशिवाय माझी तक्रार पूर्ण होणार नाही.

ज्या होमस्टेमध्ये आम्ही राहणार होतो, त्याच्या मालकीणबाई आम्हाला जेट्टीजवळच्या बाजारात भेटल्या. त्या बंगाली आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना 1960च्या दशकात या बेटावर वसवण्यात आले, त्यांपैकी एका कुटुंबातील. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचे बोलणे झाले. आपला गट येणार म्हणून त्यांनी खोल्या राखून ठेवल्या होत्या, सुट्ट्यांच्या ऐन हंगामात इतर प्रवाशांना नकार दिला होता आणि दोन दिवसांच्या जेवणासाठी मासळी सांगून ठेवली होती. मुक्काम रद्द झाल्याचा निरोप त्यांना मिळाला तो आम्हाला मिळाला त्याच संध्याकाळी, आणि आगाऊ रक्कम म्हणून काहीही मिळालेले नव्हते. त्यांनी आपल्या कंपनीबद्दल एकही कडवट शब्द उच्चारला नाही, माझ्या सासूबाईंना बसायला खुर्ची आणून दिली आणि सर्वांना शहाळे दिले, ज्याचे पैसे घेण्यास त्या तयार नव्हत्या. आम्ही ते आग्रहाने दिले.

त्या जे म्हणाल्या ते आपण ऐकावे असे मला वाटते. दुपारी येऊन दुपारी जाणारे गट एकाच वेळी उतरतात, भरतपूरच्या किनाऱ्यावर गर्दी करतात, गोडे पाणी वापरतात आणि जाताना कचरा ठेवून जातात, पण जेवण सोबत आणतात आणि राहत नाहीत, त्यामुळे गावात पैसा फारसा थांबत नाही. आमच्याही बाबतीत हेच घडले. घरगुती जेवणाऐवजी आपण शहरातून बोटीने आणलेले, थंड झालेले पुलाव-भाजीचे डबे आम्हाला वाटले. ज्या बेटाचा भाजीपाला अंदमानातील इतर बेटांना जातो, त्या बेटावर आम्ही शहरातील हॉटेलची भाजी प्लास्टिकच्या डब्यातून खाल्ली आणि ते रिकामे डबे किनाऱ्यावरील आधीच भरून वाहणाऱ्या पिंपाशेजारी ठेवून आपला प्रतिनिधी पुढे निघाला. माझ्या सासऱ्यांनी आणि आम्ही ते गोळा करून पिशवीत भरले आणि परत शहरात नेले.

भरतपूरला उथळ पाण्यात छायाचित्रासाठी लोकांना प्रवाळांवर उभे राहण्यास सांगण्यात आले. आपल्या माहितीपत्रकात 'शंख-शिंपले वेचण्याचा आनंद' असा उल्लेख आहे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे आणि ते बेटांबाहेर नेता येत नाहीत. परतीच्या वेळी विमानतळावर आमच्याच गटातील एका वृद्ध गृहस्थांच्या सामानातून प्रवाळाचा तुकडा काढून घेण्यात आला आणि त्यांना सर्वांसमोर खुलासा द्यावा लागला. ते निवृत्त शिक्षक आहेत. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसावर ही वेळ आपल्या छापील मजकुरामुळे आली, आणि त्या वेळी आपला टूर मॅनेजर पुढे येऊन 'हे आमच्या पत्रकात लिहिले होते' एवढेही म्हणाला नाही. हे पाहून मला फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

आपण नोंदणी अर्जातील 'कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवत आहे' या कलमाकडे बोट दाखवले आहे. अडचणीच्या प्रसंगी बदल करण्याचा हक्क आणि आधीच केलेला बदल ग्राहकापासून लपवून त्याचे पैसे घेण्याचा हक्क, या दोन गोष्टी एक नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात संबंधित माहिती जाणीवपूर्वक दडवून ठेवणे याचा स्पष्ट समावेश आहे. आपल्या तिकिटांवरील तारीख आणि आपलीच पावती शेजारी ठेवली की याहून वेगळा पुरावा द्यावा लागेल असे मला वाटत नाही.

माझी मागणी अशी आहे. शहीद द्वीपावरील दोन रात्रींचा मुक्काम, तेथील भोजन आणि स्थानिक भ्रमंती यांपोटी आमच्याकडून घेतलेली रक्कम आपण पूर्ण परत करावी आणि तिचा हिशेब लेखी द्यावा. शहरातील हॉटेलचा खर्च त्यातून वजा करू नये, कारण तो आम्ही मागितलेला नव्हता. सवलतीचे कूपन मला नको आहे. होमस्टेच्या मालकीणबाईंना रद्द केलेल्या आरक्षणाची भरपाई आपण थेट द्यावी आणि ती दिल्याचे आम्हाला कळवावे. ही मागणी करण्याचा मला कायदेशीर अधिकार नसेल, परंतु ज्यांच्या घराचे छायाचित्र छापून आपण सहल विकता त्यांचे देणे आपण बुडवू नये, हे सांगण्याचा अधिकार मला नक्कीच आहे. प्रवाळ आणि शिंपले यांविषयीचा मजकूर माहितीपत्रकातून ताबडतोब काढावा, आणि लक्ष्मणपूरच्या भेटीची वेळ प्रत्येक गटासाठी त्या तारखेच्या ओहोटीनुसार ठरवून प्रवाशांना आधी कळवावी.

पत्रासोबत माहितीपत्रकाचे संबंधित पान, शेवटच्या हप्त्याची पावती, बोटीची तिकिटे आणि त्या संध्याकाळी टूर मॅनेजरने गटाला पाठवलेल्या व्हॉट्सअॅप संदेशाची प्रत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम आणि लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि मुंबईतील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क पडत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, हे मी पाहून ठेवले आहे. आमच्या गटातील इतर कुटुंबांनाही या पत्राची प्रत पाठवली असून त्यांपैकी काहींनी माझ्यासोबत तक्रारीत सामील होण्याची तयारी दाखवली आहे.

आपली,
(सही)
दादर, मुंबई