टेकू खालपर्यंत जाऊ देत

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल खालच्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, पोरीने माळ्याच्या फळ्या काढल्यात, तुळई उघडी केलीय आणि रात्री तिथेच झोपते. मला तू यातलं काही बोलली नाहीस. गणपतीत आपलं जे झालं त्यानंतर बोलणारही नाहीस, ते कळतं मला. तो विषय मी आता काढत नाही. एवढंच कळव, टेकू लावलेस का? आणि लावले असशील तर वहिनींच्या खोलीतही लावलेस का?

आपली जमीन फळ्यांची आहे. नुसत्या आपल्या खोलीत टेकू दिले तर भार कुठे जात नाही, खालच्या तुळईच्या डोक्यावर बसतो. त्याच रेषेत पहिल्या मजल्यावर टेकू हवेत, त्यांच्याखाली तळमजल्याला, आणि तिथे खाली जाड फळी टाकून. दुकानवाला कुरकुर करील. त्याला मी फोन करतो, तू त्याच्या तोंडी लागू नकोस.

जे. जे. मधून आर्किटेक्ट होऊन आलेल्या मुलीला मी हे शिकवतोय. आई हसतेय. पण मी हे वाचून नाही शिकलो गं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आबा गिरणीच्या साचेखात्यात दोन साचे, म्हणजे माग, बघायचे. शिमग्यापर्यंत मिटेल म्हणत होते सगळे. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्या सभेहून आले की आबांना जेवायचीही शुद्ध नसायची. अडीच लाख माणसं घरी बसली, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी. मी शाळा सोडून चाळींच्या दुरुस्तीवर सुताराच्या हाताखाली लागलो. त्या कामात टेकू सरकलेला मी पाहिलाय. आणखी लिहीत नाही, आई वाचणार आहे.

आईच्या मोबाइलवर तू पाठवलेला भिंतीचा फोटो पाहिला. वर माझा निळा ऑइलपेंट, त्याखाली पिस्ता, त्याखाली काव, मग पांढरा चुना. मोरीकडची बाजू खरवडताना हात हलका ठेव. तिथे आजी कोळशाने रेघा मारायची, तिच्या खानावळीत कोणी किती ताटं जेवलं त्याच्या. दहा बाय बाराच्या त्या खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसं राहायची. रातपाळीचा आला की दिवसपाळीच्याची वळकटी उचलायची आणि त्याच जागेवर ह्याने पसरायची. 1975 साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आजीनेही पुढे मंडळातूनच बँकेचं कर्ज घेऊन मोठी पातेली आणली. सही शिकली ती त्या कर्जाच्या कागदासाठी. रेघा मात्र शेवटपर्यंत कोळशाच्याच. एखादी जरी सापडली तरी मला दाखव.

सिमेंट मारू देऊ नकोस. आमच्या वेळचे ठेकेदार थापून मोकळे व्हायचे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढलं की ओल आत कोंडते, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं. वरून चांगलं टणक दिसतं. हातोडीने ठोकून बघ, बद्द वाजलं की समज. मग पेचकस टोच, सहज आत गेला तर तेवढं टोक कापून नवं सागवान सांधता येतं, अख्खी तुळई बदलायला लागत नाही. पण कापायच्या आधी टेकू. तिन्ही मजल्यांवर.

झालं माझं भाषण. रागावू नकोस.

पैशांचं मी बोलणार नव्हतो. बीडीडी चाळींतली माणसं 160 फुटांतून 500 फुटांत गेली, लिफ्टने वर जातात. उद्या आपल्या चाळीवरही बिल्डर आला आणि सगळ्यांनी सह्या दिल्या, तर तुझा चुना नि तुझं सागवान कोण विचारतंय? तुझी सगळी पुंजी त्यात आहे. दादा म्हणतो, वेड लागलंय तिला. मी त्याला म्हटलं, आबांच्या खोलीला हात लावायची अक्कल आपल्या घरात एकीला तरी आली. हे तुझ्यासमोर म्हणालो नसतो.

पण झोपायला काकाकडे जा. काळाचौकी लांब नाही. दिवसा काम कर, रात्री खोलीत काही झालं तर कोणाला कळणारही नाही. गौरीचा मुलगा यायला तयार आहे, त्याला घेऊन टेकू पुन्हा बघून घे. फोटो पाठव, तिन्ही मजल्यांचे.

तुझे,
बाबा

ता. क. आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलंय, गाववाला रविवारी दादरला उतरेल. भाडेपावत्या आबांच्या ट्रंकेत तळाशी आहेत, कोणी मागितल्या तर झेरॉक्स दे, मूळ पावती हातातून सोडू नकोस.