डीएमएफच्या पैशातून आधी डॉक्टर आणा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एटापल्ली तालुक्यातला रिटायर्ड झेडपी मास्तर. पत्र मोबाईलवर टाइप करतोय तर शुद्धलेखन सांभाळून घ्या, आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल गोल काढले, आता तुम्ही माझ्या पत्रात काढा.

विषय डॉक्टरांचा आहे. तुम्ही म्हणाल हे काय नवीन, गडचिरोली म्हटलं की डॉक्टर नाहीत हे ठरलेलंच. पण मला डॉक्टर नाहीत याचं रडगाणं गायचं नाहीये, मला पैशाबद्दल बोलायचंय, कारण पैसा आहे, खाणींमुळे जिल्ह्याला मिळणारा डीएमएफचा पैसा.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री दीडला कळा सुरू झाल्या. आशाताई धावत आली, १०२ ची गाडी पण आली, त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. आरोग्य केंद्रात सिस्टरनं हात लावून बघितलं आणि म्हणाली बाळ आडवं आहे, इथं होणार नाही, सिझर लागेल. रेफरची चिठ्ठी. पुढच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तर तिथं ओटी आहे, टेबल आहे, वरचा तो मोठा दिवा आहे, त्या रात्री नशिबानं स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम पण होत्या, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. आता भूलच नाही तर मॅडम तरी काय करणार, पुन्हा चिठ्ठी आणि चला गडचिरोली. म्हणजे आणखी शंभरच्या वर किलोमीटर, पुढं लोहखनिजानं भरलेले ट्रक, समोरून रिकामे येणारे ट्रक, आणि मधे आमची गाडी डिपर मारत मारत. त्या चिठ्ठीच्या मागं मी वेळा लिहून ठेवल्या होत्या, मास्तरची खोड. घर २.१०, आरोग्य केंद्र २.५०, दुसरा दवाखाना ४.०५, गडचिरोली ७.२०. बाळ-बाळंतीण वाचल्या, पोरगी आता रांगते, म्हणून हे पत्र शांतपणे लिहू शकतोय. (दवाखान्यांची नावं मुद्दाम देत नाही, उगाच त्या सिस्टरला नोटीस जायची, ती बिचारी एकटी तीन माणसांचं काम करते.)

त्या रात्री ज्या ट्रकांच्या मागं आम्ही रांगत होतो ना, पैसा तिथनंच येतो. बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. खाणवाला सरकारला रॉयल्टी भरतो आणि तिच्या वर आणखी एक हिस्सा भरतो, १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या लीजला रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्या नव्या लीजला १० टक्के, आणि हा हिस्सा मुंबई-दिल्लीला न जाता आपल्याच जिल्ह्याच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पडतो, त्यालाच सगळे डीएमएफ म्हणतात. तो कशावर खर्च करायचा याच्या केंद्राच्या गाईडलाइन्स सप्टेंबर २०१५ मध्ये आल्या. त्यात पाणी, आरोग्य, शिक्षण वगैरे गोष्टींवर किमान ६० टक्के खर्च करा असं होतं आणि २०२४ मध्ये ते ७० टक्के केलं. आणि आरोग्याच्या कलमात स्पष्ट लिहिलंय की नुसत्या इमारती उभारण्यावर भर नको, त्या चालाव्यात म्हणून लागणारा स्टाफ, साधनं आणि औषधं पण द्या. स्टाफ, साहेब! दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला जे कळलं ते इथं टेंडर काढणाऱ्याला का कळू नये?

कारण उघड आहे. इमारतीचं टेंडर निघतं, गट्टू बसवायचं टेंडर निघतं, सभामंडपाला फीत असते आणि कोनशिलेवर नावं असतात. भूलतज्ज्ञाच्या पगाराला ना फीत ना कोनशिला. बरं हे डीएमएफपुरतंच आहे असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगानं पाच वर्षांसाठी ७० हजार ५१ कोटी रुपये स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ठेवले, आकडा वाचून छाती भरून येते, पण त्याची विभागणी बघा, मुख्यतः बांधकाम, तपासणीच्या मशिनी आणि उपकेंद्रांचं हेल्थ अँड वेलनेस सेंटरात रूपांतर. भिंती रंगतात, आत खुर्ची रिकामी.

आता दुर्गम भागात यायला आपण काय देतो ते पण ऐका. मी स्वतः नोकरीत घेतलंय म्हणून सांगतो. ६ ऑगस्ट २००२ चा जीआर, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतन, म्हणजे वरच्या पदाचं वेतन, आणि मूळ पगाराच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, पण त्याला कॅप होती, जास्तीत जास्त १५०० रुपये! माझ्या स्लिपवर तो दीड हजाराचा आकडा वर्षानुवर्षं तसाच बसून होता, हलला नाही. मास्तरला चालून गेलं, पण नागपुरात एका नाइट ड्युटीत याच्या कितीतरी पट कमावणारा भूलतज्ज्ञ दीड हजारासाठी इकडे येईल असं ज्याला वाटतं त्याला मी काय बोलू.

लांब कशाला, इंद्रावतीच्या पलीकडे बघा. बिजापूर जिल्हा आपल्याला लागूनच, जंगल तेच, भाषा बऱ्यापैकी तीच, आणि भीती तर आपल्यापेक्षा जास्त. तिथं अय्याज तांबोळी कलेक्टर असताना डीएमएफच्या पैशातून स्पेशालिस्ट डॉक्टरांना सरकारी पगारापेक्षा बरंच जास्त देऊन जिल्हा रुग्णालयात आणलं, आणि ज्या गावाचं नाव ऐकून लोक बदली रद्द करून घ्यायचे तिथं ऑपरेशनं व्हायला लागली. नंतर १४ एप्रिल २०१८ ला याच जिल्ह्यातल्या जांगलाला पंतप्रधान आले आणि आयुष्मान भारतचं पहिलं हेल्थ सेंटर तिथं सुरू केलं. मी काही छत्तीसगडची जाहिरात करत नाही, त्यांचीही रडगाणी आहेतच, पण पैसे मोजले की डॉक्टर येतो एवढं त्यांनी करून दाखवलं. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, पण तुम्ही आकडा सांगा आम्ही देतो अशी सोय आहेच स्पेशालिस्टसाठी, म्हणजे नियम आडवा येतो असंही नाही.

आता साधं गणित करू, पाचवीच्या पोराचं. समजा एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ आणि प्रत्येकानं महिन्याला तीन लाख मागितले. वर्षाचे झाले १ कोटी ८ लाख. तीन लाख ऐकून आमच्या चहाच्या टपरीवर लोक खवळले, म्हणे एवढा पगार? मी म्हटलं त्या रात्रीच्या गाडीत तुम्ही बसला असता तर सहा म्हणाला असता. आणि तिघं एकदमच पाहिजेत बरं का, एक आणून उपयोग नाही, भूलतज्ज्ञाशिवाय मॅडमचं काय होतं ते वर सांगितलंच.

पण नुसता पगार वाढवून पण भागणार नाही, हे मला आमच्याकडे काम करून गेलेल्या एका तरुण डॉक्टरनं सांगितलं, चांगला पोरगा होता, इथली माडिया भाषा पण शिकत होता, पोट दुखतंय का एवढं तर छान विचारायचा. जाताना म्हणाला सर, पगार कमी होता म्हणून नाही चाललो, ऑर्डर अकरा महिन्यांची, रिन्यू होईपर्यंत पगार अडकतो, क्वार्टरमध्ये पाणी नाही, बायको पण डॉक्टर आहे तिची ऑर्डर दुसऱ्याच तालुक्यात. त्याचं क्वार्टर मी बघितलंय. स्वयंपाकघरात छत गळायचं म्हणून गॅसची शेगडी बाहेरच्या खोलीत, आणि बाथरूममध्ये जुन्या औषधांचे खोके रचलेले. दुर्गम भागात काम केल्यावर पीजीच्या प्रवेशाला वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के जादा मार्क मिळत आलेत, त्यामुळे पोरं येतात तीन वर्षं मोजून आणि जातात, त्यांना दोष नाही. पण पीजी करून परत यायला त्यांच्यासाठी इथं काय ठेवलंय आपण?

अजून एक गंमत म्हणजे डेप्युटेशन. कागदावर पद भरलेलं, पगार आमच्या दवाखान्यातून निघतो, डॉक्टर मात्र सोयीच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर. माहिती विचारली की उत्तर येतं पद रिक्त नाही. म्हणून डीएमएफमधून पैसे द्याल तेव्हा पहिली अट ही घाला की पैसे माणसाला नाही तर ठिकाणाला, जो तिथं राहील त्यालाच, डेप्युटेशनवर गेला की त्या दिवसापासून बंद. ऑर्डर निदान तीन वर्षांची करा, नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर एकाच गावात घ्या, आणि क्वार्टर आधी दुरुस्त करा मग जाहिरात काढा. थेट मुलाखतीच्या जाहिराती नोटीस बोर्डावर पिवळ्या पडलेल्या बघून कंटाळा आलाय.

गडचिरोलीला मेडिकल कॉलेज झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं ऑनलाइन उद्घाटन झालं, आनंदच आहे, पण तिथला पहिला पोरगा स्पेशालिस्ट होऊन एटापल्लीला यायला अजून दहा वर्षं धरा, तोपर्यंत बाळं आडवी यायची थांबणार आहेत का. जिल्ह्याचं पालकमंत्रीपद स्वतः मुख्यमंत्र्यांनी ठेवून घेतलंय, म्हणजे सही कुठं अडणार हा पण प्रश्न नाही.

अनुसूचित क्षेत्रात डीएमएफच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते, हे त्याच गाईडलाइन्समध्ये आहे. म्हणून आम्ही आता ठराव तयार केलाय, दीड पानाचाच आहे, पुढच्या ग्रामसभेत मांडणार. गट्टू नको, भूलतज्ज्ञ द्या असं पहिलंच वाक्य आहे. ग्रामसेवक म्हणाले भाषा जरा सरकारी करा, मी नाही म्हटलं. त्या रेफरच्या चिठ्ठीची झेरॉक्स मागच्या बाजूसकट ठरावाला जोडली आहे, एक प्रत या पत्रासोबत तुम्हालाही पाठवतोय, पेशंटचं नाव खोडलंय. जमलं तर पत्राबरोबर छापा.

आपला,
एक रिटायर्ड मास्तर
ता. एटापल्ली, जि. गडचिरोली